आयत्या वेळचा विषय

कौस्तुभ आजगावकरची चूक एवढीच, की त्याने विचारलं. न विचारता करून मोकळा झाला असता तर घरात चार दिवस कोणी बोललं नसतं, पाचव्या दिवशी आईने खिचडीवर जास्तीचं तूप वाढलं असतं आणि प्रकरण मिटलं असतं. पण सत्ताविसाव्या वर्षी माणूस शहाणा होतोच असं नाही. गुरुवारी संध्याकाळी त्याने ऑफिसातून आणलेला एक फॉर्म टेबलावर ठेवला आणि म्हणाला, “बाबा, जरा तुमचा सल्ला हवा होता.”

मध्यमवर्गीय मराठी माणसाकडे रक्त मागा, तो डॉक्टरला विचारून सांगतो म्हणेल. स्कूटर मागा, तो पंक्चर आहे म्हणेल. सल्ला मागा, तो आत बघून चहा ठेवायला सांगेल. दशरथ आजगावकरांनी आत बघून चहा ठेवायला सांगितला.

फॉर्म साधा होता. कौस्तुभची कंपनी ट्रक, यंत्रं, गोदामं यांना कर्ज द्यायची. फॉर्मवर दोन चौकोन होते. पहिल्यासमोर लिहिलं होतं: शाखा व्यवस्थापक, नवी काशीमीरा शाखा, ताबडतोब. केबिन, व्हिजिटिंग कार्ड, दारावर नाव. दुसऱ्यासमोर: प्रशिक्षणार्थी अधिकारी, कर्ज-तपासणी विभाग, मुख्य कचेरी, अंधेरी. पुढची तीन वर्षं बढती नाही. एका चौकोनात खूण, खाली सही, बुधवारी दुपारी बाराच्या आत परत. नाही दिला तर आहात तिथेच बसा.

आहे तिथे कौस्तुभ पाच वर्षं बसला होता. एम.कॉम. फर्स्ट क्लास घेऊन तो काय करायचा? मूळ कागद आणि झेरॉक्स शेजारी शेजारी धरून दोन्ही सारखे आहेत का बघायचा आणि शिक्का मारायचा. हे काम एखादं शहाणं माकडही करील, फक्त ते शिक्क्याची शाई चाटेल. कौस्तुभला ताळेबंद वाचायचा होता. लोक कादंबरी वाचतात तसा, शेवटी खुनी कोण ते शोधत. आणि कंपनीत ताळेबंद वाचणारी एकच व्यक्ती होती: ॲलिस डिमेलो मॅडम, कर्ज-तपासणी विभागाच्या प्रमुख. एकदा एका शीतगृहाचे कागद त्यांच्यापुढे आले. मॅडमनी विजेचं बिल बघितलं आणि म्हणाल्या, “एवढ्याशा विजेवर बर्फ होत न्हाय. बघून या.” माणूस बघायला गेला, तर शीतगृहात अकरा म्हशी बांधलेल्या. बसल्या जागी म्हशी ओळखणारी बाई! तेव्हापासून विभागात कुठल्याही कागदातल्या खोटीला ‘म्हैस’ म्हणत. कौस्तुभला त्या बाईच्या हाताखाली जायचं होतं. त्याला फक्त कोणीतरी “जा” म्हणायला हवं होतं.

दशरथरावांनी फॉर्म दोनदा वाचला, पंच घेतला, फॉर्मला दोन भोकं पाडली आणि तो निळ्या फाइलला लावला.

“बाबा! तो मला परत द्यायचाय!”

“मूळ कागद फाइलला. झेरॉक्स घे हवी तर.”

इथे सांगायला हवं, की दशरथराव गोदीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले आणि भाईंदर पूर्वेच्या ‘मंगलदीप’ हौसिंग सोसायटीचे अकरा वर्षं सेक्रेटरी. ‘मंगलदीप’ म्हणजे स्टेशनपासून पाच मिनिटं. ही पाच मिनिटं बिल्डरने बहुधा हेलिकॉप्टरमधून मोजलेली. घरात पंखा बसवायचा तरी दशरथरावांना सूचक आणि अनुमोदक लागायचा.

“रविवारी वार्षिक सभा आहेच,” ते म्हणाले. “घेऊन टाकू.”

“माझ्या नोकरीचा आणि सोसायटीचा काय संबंध?”

“सभेचा शेवटचा विषय काय असतो? माननीय अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय. तुझी नोकरी आयत्या वेळी आली की नाही?”

“अहो, पण त्याला काय हवंय ते तरी विचारा,” शैलाताई आतून म्हणाल्या.

“ते चर्चेत येईलच.”

ते चर्चेत आलं नाही. आलंच नाही, हे आत्ताच सांगून टाकतो, उगाच वाट बघू नका.

शनिवारपर्यंत बातमी चोवीसच्या चोवीस ब्लॉकांत गेली. तळमजल्यावरच्या टेम्पोवाल्या महिपतने जिन्यातच हात धरला. “भाऊ, आंख मूंद के मॅनेजर हो. माझा दुसरा टेम्पो लोनपायी अडकलाय. तू केबिनमध्ये बसला की मी फक्त येणार नि चाय पिणार. बाकी काय नाय.” निवृत्त शिक्षिका शुभदाताई म्हणाल्या, “पाया, कौस्तुभ, पाया! पाया कच्चा राहिला की सातवीत समजतं.” अध्यक्ष कांतीभाई शाह यांचं भांड्यांचं दुकान. ते म्हणाले, “अरे डिकरा, ट्रेनी? सत्तावीस वर्षांचा ट्रेनी? लग्नाच्या कार्डावर काय छापणार?” या देशात माणूस काय काम करतो हे कोणी विचारत नाही. कार्डावर काय छापलंय ते विचारतात. कार्डावर ‘सम्राट’ छापा, लोक खुर्ची पुढे सरकवतील.

रविवारी दहाला पार्किंगमध्ये सभा होती. दहा वाजता गणसंख्येअभावी ती तहकूब झाली. तहकूब म्हणजे तेच लोक त्याच भाड्याच्या खुर्च्यांवर अर्धा तास पेपर वाचत बसतात आणि साडेदहाला तीच सभा कायदेशीर होते. रजिस्टरवर पंधरा सह्या. पहिले सहा विषय अकरा मिनिटांत संपले. पाण्याची टाकी, लिफ्ट, गच्चीचा डांबरी लेप, सगळं “मंजूर, मंजूर”. त्या टाकीतून रोज पाणी पिणारी ही माणसं! मग दशरथराव उभे राहिले आणि सातवा विषय वाचला, आणि पाठीमागे झोपलेले दोघे जागे झाले.

“ठराव असा, की चिरंजीव कौस्तुभ याने शाखा व्यवस्थापकपद स्वीकारावे.”

“माझी हरकत आहे!” हरिश्चंद्र राणे उठले. हे आजगावकरांच्या बरोबर खालच्या ब्लॉकात राहत. सेक्रेटरीच्या निवडणुकीत दोनदा पडलेले, आणि तीन वर्षं आजगावकरांच्या न्हाणीघराचं पाणी त्यांच्या न्हाणीघरात टपकत असलेलं. “मुलाने अनुभव घेतला पाहिजे. अनुभवाशिवाय बढती म्हणजे पायाशिवाय इमारत!”

कौस्तुभचा ऊर भरून आला. माणूस ज्याला शत्रू समजतो तोच...

“आणि ज्यांना स्वतःच्या मोरीचा पाइप तीन वर्षांत नीट करता येत नाही,” राणे पुढे म्हणाले, “त्यांचा मुलगा शाखा काय डोंबलाची सांभाळणार?”

“राणेसाहेब, गळती हा विषय क्रमांक चार होता. तो मंजूर झाला.”

“काय मंजूर झालं? गळती?”

पाऊण तास गळतीवर गेला. मधेच महिपत ओरडला, “बढतीचं बोला, बढतीचं!” शुभदाताईंनी सातवीतल्या एका मुलाची गोष्ट सांगितली, तो पुढे काय झाला हे त्या विसरल्या. कौस्तुभने दोनदा “मला वाटतं” म्हणून बघितलं. दोन्ही वेळा कांतीभाईंनी टेबलावर पाण्याची बाटली आपटली. “डिकरा, आधी मेंबर लोकांना बोलू दे.”

एव्हाना साडेबारा वाजले. मंडपवाला खुर्च्या न्यायला येऊन उभा राहिला. त्याला दोनला मुर्धा गावात साखरपुड्याला त्याच खुर्च्या लावायच्या होत्या. “मतदान घ्या,” तो कळवळून म्हणाला, आणि ती सूचना सभेने मान्य केली.

हात वर झाले. महिपतने दोन्ही हात वर केले, एक स्वतःचा, एक गावी गेलेल्या बायकोचा. शेजारी त्याचा पालघरहून जेवायला आलेला मेहुणा, त्याचाही एक. मंडपवाल्याने ज्या बाजूला जास्त हात दिसले तिथे आपला मिसळला. शैलाताईंनी ठरावाच्या बाजूने हात वर केला, आणि विरुद्ध म्हटल्यावर पुन्हा केला. “एक ह्यांच्यासाठी, एक त्याच्यासाठी,” त्या शेजारणीला म्हणाल्या. विरुद्धच्या वेळी कौस्तुभनेही हात वर केला.

“तू खाली घे,” दशरथराव म्हणाले. “तू सभासद नाहीस.”

नियम म्हणजे नियम. अकरा विरुद्ध नऊ. ठराव संमत.

इतिवृत्ताची साफ प्रत अकरा वर्षं कौस्तुभच लिहीत आला होता, दहावीत असल्यापासून, अक्षर चांगलं म्हणून. या वेळी दशरथरावांनी वही स्वतःकडे ओढली. “विषय तुझा. तू लिहिलंस तर पक्षपात होतो.”

पण राणे हरलेलं सहन करणारे नव्हते. त्यांनी पाहणीसाठी उपसमिती मागितली. मराठी माणसाला उपसमिती नाकारता येत नाही; त्याच्या तोंडून “नको” निघतच नाही. सोमवारी कांतीभाई, राणे आणि शुभदाताई महिपतच्या टेम्पोतून काशीमीऱ्याला निघाले. ज्येष्ठता बघून दोघे पुढे बसले. मागे ताडपत्रीवर राणे आणि कौस्तुभ, एकमेकांशी न बोलता. हायवेवर एका खड्ड्यात राणे उडाले आणि खाली आले ते कौस्तुभच्या मांडीवर. त्यानंतर त्यांचे संबंध थोडे सुधारले.

शाखा एका गॅरेजच्या वर होती. खाली ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर घण पडत होते, त्या तालावर वर टेबलं थरथरत होती. केबिन होती, काचेची. पण दार आत उघडायचं आणि आत खुर्ची. म्हणजे साहेब आत जाणार असले की खुर्ची बाहेर, खुर्ची आत घ्यायची तर साहेब बाहेर. तिथे कौस्तुभचे विभागीय साहेब अभिनव सर उभे होते. वय सव्वीस, तीन वर्षांत तीन प्रमोशनं, कार्डावर असिस्टंट व्हाइस प्रेसिडेंट. चार वयस्क माणसं आणि मागे टेम्पो बघून त्यांना वाटलं, हप्ते थकले म्हणून ओढून आणलेल्या गाड्यांचे मालक मोर्चा घेऊन आलेत. ते केबिनमध्ये शिरायला गेले आणि खुर्चीत अडकले.

“सर, ही आमच्या सोसायटीची उपसमिती,” कौस्तुभ म्हणाला.

“कसली कमिटी?”

“पाहणीची,” शुभदाताई म्हणाल्या आणि वही काढली. “इथे मुलगा नक्की काय करणार?”

“लीड करणार,” अभिनव सर काचेतून म्हणाले. “टीम लीड करणार.”

“टीम किती माणसांची?”

“सध्या... तो.”

कांतीभाई पुढे झाले. चाळीस वर्षं त्यांनी भांडी विकलेली. “साहेब, एक सांगा. पार्टीने जुना ट्रक आणला तर घसारा किती धरता?”

अभिनव सरांनी वर बघितलं, खाली बघितलं. “ते आमचे सिनियर बघतात.”

“तुम्ही कोण?”

“मी सिनियर.”

एवढ्यात राणेंच्या टकलावर थेंब पडला. त्यांनी छताकडे बघितलं. तीन वर्षांत त्यांचा चेहरा इतका उजळलेला कोणी पाहिला नव्हता. “गळती!” ते जवळजवळ गायले. “लिहा, शुभदाताई! इथेही गळती!”

अहवालात तीन सभासदांची चार मतं निघाली. राणेंचं विरुद्ध. शुभदाताईंचं पाया या विषयावर, दीड पान. कांतीभाईंची दोन: साहेबाला काही येत नाही हे खरं, पण न येता तो साहेब झाला हेही खरं. कौस्तुभने हे शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. आपणही तीन वर्षांनी खुर्चीत अडकून “ते सिनियर बघतात” म्हणत असू! त्याने त्याच संध्याकाळी फाइल मागितली.

“बाबा, फॉर्म द्या. मला भरायचाय.”

“भरला,” दशरथराव म्हणाले.

“काय?”

“ठरावानुसार खूण केली. सोसायटीचा गोल शिक्का मारला. सही फक्त तुझी राहिली, ती मी करणं बरं नाही. उद्या स्वतः अंधेरीला जाऊन देतो आणि पोच घेतो. ठरावाची सत्यप्रत सोबत जोडलीय. अहवालपण.”

“बाबा, ऑफिसात हसतील!”

“सत्यप्रतीला कोण हसतं?”

मंगळवारी दशरथराव इस्त्रीचा सदरा घालून गेले आणि पोच घेऊन आले. ती पोचही त्यांनी फाइलला लावली. कौस्तुभ सगळी रात्र कूस बदलत होता, असं लिहिण्याची पद्धत आहे. खरं म्हणजे त्याला उत्तम झोप लागली. भेकड माणसाला निर्णय हाताबाहेर गेला की फार छान झोप लागते.

बुधवारी अकरा वाजता बोलावणं आलं. कर्मचारी विभागात मराठी वाचणारं कोणी नसल्यामुळे सगळा गठ्ठा ॲलिस मॅडमकडे गेला होता. मॅडम पन्नाशीच्या, उत्तनच्या. एरवी साफ मराठी, चिडल्या की गावची बोली बाहेर. समोर फॉर्म, भोकं पाडलेला. पहिल्या चौकोनात दशरथरावांच्या निळ्या शाईची खूण, तिच्यावर ‘मंगलदीप’चा गोल शिक्का.

“आजगावकर, आमच्या उत्तनला पण मीटिंगी होतात,” त्या म्हणाल्या. “होड्यांच्या होतात, चर्चच्या होतात. पोराच्या नोकरीवर मीटिंग मी अजून बघितली न्हाय. ही तुझी मर्जी हाय?”

कौस्तुभने भिंतीकडे बघितलं. घड्याळात अकरा वाजून चाळीस.

“तोंड हाय ना? बरं, नको बोलू.” त्यांनी इतिवृत्त त्याच्यापुढे टाकलं. “वाच. यात म्हैस हाय. मला दिसली. तुला दिसली तर बोल, नायतर सही कर नि जा काशीमीऱ्याला.”

कौस्तुभने कागद घेतला. बापाचं तिरपं अक्षर. तारीख, वेळ, तहकुबी, अर्धा तास, सगळं चोख. पण अकरा वर्षं साफ प्रती लिहून त्याच्या बोटांना एक सवय लागली होती: पहिलं पान आणि शेवटचं पान शेजारी धरायचं. त्याने धरलं. पहिल्या पानावर उपस्थित सभासद पंधरा. शेवटच्या पानावर बाजूने अकरा, विरुद्ध नऊ.

“वीस,” तो म्हणाला. “माणसं पंधरा, मतं वीस.”

“पाच कोण?”

“महिपतचा दुसरा हात. त्याचा मेहुणा. मंडपवाला. आणि आई, दोन्ही बाजूंनी. सभासद बाबा आहेत, आई नाही.” त्याने बोटांवर वजा केलं आणि थांबला. “मॅडम, बाजूने सात उरतात. विरुद्ध आठ. ठराव पडलाय!”

मॅडमनी चष्मा काढला. “मला फक्त वीस दिसले होते. पाचांची नावं तू सांगितलीस. कोणी शिकवलं?”

“बाबांनी,” कौस्तुभ म्हणाला, आणि स्वतःच चकित झाला.

“म्हणजे ठराव पडला म्हणून तू माझ्याकडं येणार?”

“नाही. पास झाला असता तरी आलो असतो, असं वाटतंय.”

“वाटतंय?”

“आलो असतो.”

“मग लिही. बारा वाजतायत.”

त्याने बापाच्या खुणेवर आडवी रेघ मारली, दुसऱ्या चौकोनात खूण केली आणि सही ठोकली. घाईत ती शिक्क्यावरून गेली. जाऊ दे.

संध्याकाळी त्याने घरी सगळं सांगितलं. शैलाताई पोळी लाटायच्या थांबल्या. दशरथरावांनी हातातल्या पेपरची घडी घातली. मग उठले, वही काढली, चष्मा लावला, पहिलं पान बघितलं, शेवटचं बघितलं. केबिन गेली, कार्ड गेलं, दारावरचं नाव गेलं, त्याबद्दल एक शब्द नाही.

“मंडपवाला?” ते म्हणाले.

“हो.”

“मी मंडपवाल्याचं मत मोजलं?”

“हो बाबा.”

दशरथराव खाली बसले. गोदीत छत्तीस वर्षं आणि इथे अकरा, पण त्यांच्या कागदात आजवर कोणाला काही सापडलं नव्हतं.

“माझी दोन्ही मतं बाद?” शैलाताईंनी विचारलं.

“दोन्ही.”

“म्हणजे मला काय वाटतं ते आता तरी कोणी विचारणार का?”

कोणी विचारलं नाही. दशरथरावांनी वर बघितलं. “राणेला कळलंय?”

“नाही.”

“आणि हे आधी त्या डिमेलो बाईंनी पकडलं? बसल्या जागी?”

“बसल्या जागी.”

दशरथरावांनी वही मिटली. “बाई हुशार आहेत,” ते म्हणाले. “तिथेच जा.”

रीतसर नोटीस लावून पुढच्या महिन्यात विशेष सभा झाली. इतिवृत्त दुरुस्त करण्यात आलं. जिंकल्याचं कळल्यावर राणेंनी पेढे वाटले, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की पेढे आजगावकरांच्या मुलासाठी वाटले जातायत. तरी त्यांनीच आयत्या वेळी विषय मांडला, की कौस्तुभ आजगावकर याला सोसायटीचा सह-सचिव नेमावं, मतं मोजण्यासाठी. तो सभासद नाही, ही अडचण वडिलांच्या ब्लॉकात त्याचं नाव जोडून दूर करायचं ठरलं. अनुमोदक दशरथ आजगावकर. पगार नाही, अनुभव नाही, नुसतं पद. ज्यातून पळाला तेच, दुसऱ्या दाराने.

“मोज,” दशरथराव म्हणाले.

कौस्तुभने रजिस्टर बघितलं. सह्या चौदा. मग हात मोजले. पंधरा. त्याने पुन्हा मोजले, आणि मान वळवून पार्किंगच्या दाराशी बघितलं.

खुर्च्या न्यायला आलेल्या मंडपवाल्याने हात हळूच खाली घेतला.